शून्याचा एक

शटर अर्धं वर होतं तेव्हाच भैरू वाकून आत आला.
हातात फोन, फोनवर कंपनीचं नाव
उगवतंय, मावळतंय, परत उगवतंय.
"रात्री रूट केलो ओ मामा."
"कशाला?"
"कंपनीनं भरलेला कचरा निघत नव्हता की.
सोळा जीबीतले नऊ तिनंच खाल्ले.
फोन माझा, पैसे माझे,
काढायला गेलो की म्हणतंय, परवानगी नाही."

खरं सांगायचं तर मला पटलं त्याचं.
खानापुरात स्टेशन रोडला माझी पाटी आहे,
वर कन्नड, खाली मराठी.
अक्षरं वर किती इंच, खाली किती,
ते बघायला अधूनमधून माणसं येतात.
मधल्या फटीत एक पाल राहते.
तिला कोण काही विचारत नाही.

मॉडेलचा नंबर उतरून घेतला.
शेवटची दोन अक्षरं चुकली तर फोनची वीट होते.
आम्ही वीटच म्हणतो,
कुंभाराच्या पोरासमोर जरा हळू म्हटलं.
साडेतीन जीबीची फाईल, दोनदा गेलेली लाईट,
आवाज कमीचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरलेली
माझी दोन बोटं, पांढरी पडेपर्यंत.

मग त्याचा बाप आला, सातेरी.
नखांत लाल माती, चप्पल दाराबाहेर काढलेली,
जसा काही दवाखाना.
"आयतु?"
"अजून नाही. मूळ सिस्टीम परत घालतोय,
पहिल्या दिवशीसारखा होईल."
"आणि रातचं ह्यानं केलं ते?"
"रूट. म्हणजे तेही मूळच."
तो बराच वेळ हिरव्या पट्टीकडे बघत राहिला.
"मग मुळातनं मुळाकडंच आणायलास की रे तू."

पट्टी चाळीसवर असताना भैरूला आठवलं.
"मामा, आतलं सगळं जाणार?"
"सगळं."
"आवाजसुद्धा?"
मागच्या भट्टीला बापानं कौल बोटानं वाजवून दाखवलं होतं,
पक्कं कसं बोलतं, कच्चं कसं बोलतं.
बारा मिनिटं. फक्त फोनातच ठेवलेली.
मी केबलकडे बघितलं.
आता उपटली तर आवाजही जाईल आणि फोनही.
तसं सांगितलं. विचारायचं मी सुरुवातीलाच होतं,
ते मात्र नाही सांगितलं.

पास, असं स्क्रीनवर आलं.
फोन उठला, लाजऱ्या पोरासारखा,
आणि पहिला प्रश्न विचारला: भाषा निवडा.
भैरूचा अंगठा यादीवरून घसरत गेला,
शाळेची ओलांडून, घरची ओलांडून,
इंग्लिशवर टेकला. सवय.
बाप काही बोलला नाही. मीही.

पैसे घेताना राहवलं नाही म्हणून सांगितलं,
आत एक बारीक फ्यूज असतो.
नवा असताना शून्य. एकदा रूट केलं की एक.
वरून कितीही मूळ घाला,
तो एक परत शून्य होत नाही.
कंपनीच्या दुकानात नेलात तर त्यांना कळणार.

मला वाटलं सातेरी भांडेल.
तो हसला, पहिल्यांदाच.
"भाजलेल्याची परत माती होत नाही बाबा.
हे आम्हाला सांगायलास?"
मग पोराकडे वळून, "रविवारी भट्टी उघडायची हाय.
ये. कानानंच ऐक ह्या बारीला."

दोनशेतले शंभर दिले. उरलेल्याची कौलं आली,
चार, गुरुवारी, त्याच्या बायकोच्या डोक्यावरून.
"ठेवून जातो हं," ती म्हणाली,
आमच्याकडे बायकाही जातोच म्हणतात.
गिऱ्हाईक नव्हतं. स्क्रूड्रायव्हर घेतला
आणि एकेक वाजवून बघितलं.
तीन बोलली.
चौथं का गप्प होतं, कळलं नाही मला.
ते काउंटरवरच आहे अजून,
त्यावर मी सुटे स्क्रू ठेवतो.